अर्धी प्रदक्षिणा

मी अतिशहाणी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आई म्हणते, ऊर्मीला शहाणपणाचं अजीर्ण पाळण्यातच झालं. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. पण बाबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि मी चेन्नईत, अंबत्तूरमध्येच वाढले. बाबांचं काम तयार मालाची मापं तपासायचं. त्यामुळे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा शब्द आमच्या घरात मीठ-साखरेसारखा वापरात होता. "आज वीस मायक्रॉनने गेला माल," असं म्हणत बाबा बूट काढायला बसले, की त्या दिवशी त्यांच्याकडे पैसे मागायचे नाहीत एवढं मला चौथीतच कळत होतं.

अकरावीत शाळेने आम्हाला मेंदूवर संशोधन करणारी एक संस्था दाखवायला नेलं. वर्षातून एक दिवस ती सगळ्यांना खुली असायची. मला जायचंच नव्हतं. जीवशास्त्र म्हणजे नुसतं पाठांतर, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी बसमध्ये सगळ्यांना ऐकवलं होतं. तिथे एका थंडगार खोलीबाहेर खुंटीवर मोगऱ्याचा गजरा टांगलेला होता. आत पांढरा कोट घातलेल्या एक बाई पाण्याच्या तबकावर वाकून ब्रशने काहीतरी पसरत होत्या. काय पसरताहेत ते आधी दिसेचना. मग प्रकाश वळला आणि दिसलं. दुधावरच्या सायीसारखं काहीतरी पाण्यावर तरंगत होतं.

"मेंदूचा काप," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "जाडी वीस मायक्रॉन."

मला हसूच आलं. "माझ्या बाबांचा माल वीस मायक्रॉनने नापास होतो," असं मी शेजारच्या मैत्रिणीला नाही, स्वतःलाच म्हणाले, आणि म्हणून मराठीत म्हणाले. बाईंनी मान वर केली.

"तूं मराठी कां गे? ये. इकडे ये, बघ."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "हें माणूस आहे. मेदुवा, म्हणजे हळूं."

मी ब्रशच्या टोकाने त्या सायीची दुमडलेली कड सोडवली आणि ती पाण्यात आपसूक उलगडत गेली. उलगडलेल्या त्या कापात, अगदी डोळ्यांना दिसतील असे, दोन काळसर ठिपके होते. एक इकडे, एक तिकडे. हे काय म्हणून विचारल्यावर बाईंनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. तिथे तयार ठेवलेल्या काचेवर तोच ठिपका होता, आणि तो ठिपका नव्हताच. शाईच्या टाकातून उडालेले थेंब असावेत तशा शेकडो पेशी होत्या, प्रत्येकीला आपापले पाय फुटलेले.

"दोन्हीकडच्या मिळून पन्नास हजार असतील," बाई म्हणाल्या. "अब्जावधींच्या मेंदूत एवढ्याच. पण यांचे धागे सगळीकडे जातात. कोणी हाक मारली, तूं दचकलीस, कांहीं नवल पाहिलंस, कीं आधीं हें जागं होतं."

"म्हणजे आत्ता माझं जागं झालंय?"

"तें मला काय विचारतेस?"

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की मला पुढे जीवशास्त्र घ्यायचं आहे. बाबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "तिथे वीस मायक्रॉन पास होतो."

सहा वर्षांनी त्याच संस्थेत मी संशोधन करायला आले आणि राममूर्ती सरांच्या हाताखाली त्याच काळसर ठिपक्यावर काम करू लागले. त्या बाईही तिथेच होत्या. त्यांचं नाव विजयालक्ष्मी, पण संस्थेत त्या सगळ्यांच्या विजयाक्का. पद तंत्रज्ञाचं, पदवी साधी बी.एस्सी., आणि मेंदू कापण्यात तोवर सत्तावीस वर्षं गेलेली. राममूर्ती सर स्वतः त्यांच्याकडून कापायला शिकले होते, आणि ते लपवत नसत. अक्कांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून जपलेली त्यांची मराठी ऐकली की एखादी बखर उठून डबा खायला बसली आहे असं मला वाटायचं. माझ्या मराठीला त्या "कारखान्याचें मराठी" म्हणायच्या.

आमच्याकडे येतात ते देहदानात मिळालेले मेंदू. नाव येत नाही, फक्त नंबर येतो. माझ्या कामाला मेंदूचा देठ लागायचा. मेंदू पाठीच्या कण्याला जोडणारा हा देठ अंगठ्याएवढा जाड असतो. त्याला पुढच्या बाजूने एक फुगवटा असतो, सुटलेल्या पोटासारखा, त्यामुळे पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं ते कुणालाही कळतं. टेबलावरच्या चिमट्यात तो उभा केला की बुटकेसे गृहस्थ उभे आहेत असं वाटतं.

नवा नंबर आला की अक्का गजरा आणि बांगड्या बाहेर ठेवायच्या, आत येऊन त्या देठासमोर उभ्या राहायच्या आणि हात जोडायच्या. "यावें," त्या म्हणायच्या. "आपण आलांत, उपकार जाले. आतां आम्ही हात लावूं?" मग उत्तर ऐकल्यासारख्या थोडं थांबायच्या. "सरि," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून टेबलाला वळसा घालून पलीकडे जायच्या आणि लांब, बारीक सुई घेऊन देठाच्या एका कडेने वरपासून खालपर्यंत आरपार घालायच्या.

सुईचं कारण मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. देठ गोठवून त्याचे हजारो काप करतात. साय पाण्यात टाकली की ती हवी तशी उलटते. काचेवर घेताना ती सुलटी आली की उलटी हे नुसतं बघून सांगता येत नाही, कारण मेंदूचं डावं आणि उजवं दिसायला सारखंच. म्हणून कापायच्या आधीच डाव्या कडेने सुई घालतात. प्रत्येक कापात एक भोक येतं. भोक ते डावं.

वळशाचं कारण मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? मला माहीतच होतं. शंकराच्या देवळात अर्धीच प्रदक्षिणा घालतात, तशी ही अक्कांची अर्धी प्रदक्षिणा. म्हातारं माणूस, भाविक माणूस, चालायचंच. मी आईला फोनवर ते हसून सांगितलंही होतं.

चौदा नंबर आला तेव्हा अक्कांना चिकुनगुनिया होऊन गेला होता. मनगटं सुजलेली, हातात साधी पेन्सिल धरवत नव्हती. "तूं कर," त्या म्हणाल्या. "मी बर्फाचं बघतें." आणि शेजारच्या खोलीत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती सुई माझ्या हातात आली. मी देठासमोर उभी राहिले. कुणी बघत नव्हतं, तरी लाजत हात जोडले आणि पुटपुटले, "यावें." खरं सांगते, अंगावर काटा आला. कुणाच्या तरी हाका, भीती, झोप, सगळं या बोटभर देठातून गेलं होतं. पण प्रदक्षिणा? प्रयोगशाळेत? ती मी घालणार नव्हते. तेवढा बाणा राखायलाच हवा होता. समोरच्या भिंतीवरच्या एसीचा वारा तोंडावर घेत, आहे तिथूनच, मी माझ्या डाव्या हाताच्या बाजूला सुई घातली. सुई घातल्याची सही करायचा अधिकार मला अजून नव्हता. अक्का आल्या, दुखऱ्या हाताने त्यांनी रजिस्टरमध्ये सही केली आणि म्हणाल्या, "सरळ गेली आहे. हात चांगला आहे तुजा."

त्यानंतर दोन वर्षं मी मोजत होते. पाच मेंदू, अकरा ते पंधरा. प्रत्येकाचे शेकडो काप, प्रत्येक कापातले दोन ठिपके, डावीकडच्या पेशी, उजवीकडच्या पेशी. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला. आणि एका दुपारी आकडे समोर आले. पाचही जणांमध्ये डावीकडे पेशी जास्त होत्या. थोड्या नाहीत, चांगल्या हजारभर. राममूर्ती सर म्हणजे कौतुकाच्या बाबतीत हातचं राखणारा माणूस. पण त्यांनी तो कागद तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि स्वतः जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आले. "पाचात पाच," ते म्हणाले. "पाचच आहेत हे विसरू नकोस. पण लिही."

मी लिहिलं. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने कळवलं, निबंध घेऊन या, दोन वर्षांची जागा तुमची. सोमवारी निबंध पाठवायचा होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी अक्का निवृत्त होणार होत्या. आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, सरांनी सरोजिनीला माझ्या गळ्यात बांधलं.

सरोजिनी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात भट्टीवर, ही तिथून दोन तास प्रवास करून यायची, आणि तरी सगळ्यांच्या आधी दारात. सर म्हणाले, "सहा महिने तिला घडव." मला कुणाला घडवायची हौस नव्हती. माझी बॅग अर्धी भरून झाली होती. त्यात ही पोरगी सतत विचारत होती. पाणी थंडच का? दोन नंबरचाच ब्रश का? काप काचेवर डावीकडून का घ्यायचा? आम्ही तमिळमध्येच बोलायचो, आणि तमिळमध्ये माझा राग मराठीपेक्षा लवकर बाहेर पडतो. "आधी नीट बघ, मग विचार," मी तिला पहिल्या तासातच सुनावलं. तिने वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

त्याच दुपारी एकोणीस नंबर आला. अक्कांचा शेवटचा. त्यांनी गजरा आणि बांगड्या बाहेर ठेवल्या. आम्ही दोघी भिंतीशी उभ्या. अक्कांनी हात जोडले, "यावें" म्हणाल्या, थांबल्या, "सरि" म्हणाल्या, आणि वळसा घालून पलीकडे गेल्या.

"अक्का, तुम्ही मागे का गेलात?" सरोजिनीने विचारलं.

मी तिचा दंड दाबला. "श्रद्धेचं आहे त्यांच्या. असं विचारू नये," मी कुजबुजले.

अक्कांना ऐकू गेलं. त्या मोकळ्या हसल्या आणि तिला तमिळमध्येच म्हणाल्या, "श्रद्धा कसली? बोलायचं तर समोर उभं राहायला हवं, पाठीशी बोलणं बरं नाही. पण समोर उभं राहिलं की त्यांची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला येते. म्हणून बोलून झालं की मागे जायचं. म्हणजे त्यांचं डावं तेच माझं डावं. मग डोकं चालवावं लागत नाही, हात चुकत नाही."

माझ्या हातात ब्रशचं तबक होतं. ते मी खाली ठेवलं. चौदा नंबरच्या वेळचा एसीचा तो वारा पुन्हा तोंडावर आला. माझा डावा हात, माझी डावी बाजू. समोरच्याची उजवी. चौदा नंबरच्या प्रत्येक कापातलं भोक उजवीकडे होतं, आणि मी दोन वर्षं त्याला डावं म्हणत आले होते. बाकी चौघांना सुई अक्कांनी घातली होती. पाचात पाच नव्हते. पाचात चार होते, आणि पाचात चार म्हणजे काहीच नव्हतं. तेवढं नाणं उडवूनही मिळतं.

पुढची दोन मिनिटं माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आलं. मी त्या वेळी खोलीत एकटी होते. रजिस्टरवर सही अक्कांची, आणि अक्कांची सही म्हणजे संस्थेत ब्रह्मवाक्य. मी बोलले तर माझा निबंध जाणार, जागा जाणार, आणि एकतीस वर्षांत ज्या हातावर एक बोट उठलं नाही त्या हातावर निवृत्तीच्या दोन दिवस आधी मीच बोट ठेवणार. गप्प राहणं जवळजवळ पुण्यकर्म वाटायला लागलं.

सरोजिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "ऊर्मी अक्का, मी चुकीचं विचारलं का?"

तिचा चेहरा असा पडला होता, की आता मी हो म्हटलं असतं तर ती पोरगी जन्मात कुणाला काही विचारायला धजली नसती. मला माझीच लाज वाटली.

"नाही," मी म्हणाले. "तू दोन-अडीच वर्षं उशिरा आलीस, एवढंच."

अक्का हात धुऊन डबा उघडून बसल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. प्रदक्षिणेसकट. दहीभाताचा घास त्यांच्या हातात तसाच राहिला.

"आणिक कोणाला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही."

"सरि. आधीं त्यांनाच विचारूं."

"कोणाला?"

"चौदा नंबरला. माणूस आहे तें. कांहीं तरी खूण असेल अंगावर."

त्यांनी चौदा नंबरच्या काचांच्या पेट्या काढायला लावल्या. मायक्रोस्कोप नाही, काही नाही. एकेक काच खिडकीच्या उजेडाला धरून त्या नुसत्या डोळ्यांनी बघत होत्या. मी शेकडो तास ज्या मेंदूवर घालवले होते तो त्या पहिल्यांदाच बघताहेत असं त्यांचं बघणं होतं. सातव्या पेटीत त्या थांबल्या. ठिपक्यांच्या बरंच खाली, एका बाजूला तिळाएवढा जुना व्रण होता. केव्हातरी एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली असेल. मी माझी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'लहान जुना व्रण, उजवीकडे.' माझ्या कामाचा नव्हता म्हणून पुढे विसरले होते.

"हें जिवंतपणीं असेल तर हॉस्पिटलच्या स्कॅनमध्यें दिसेल," अक्का म्हणाल्या.

दात्यांच्या फायली सरांच्या कपाटात कुलपात असतात. कोण होते, काय होते, ते आम्हाला कळू नये म्हणून. म्हणजे सरांना सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"सांगावंच लागणार," मी म्हणाले.

"तें तसंही लागणारच होतं, कण्णा," अक्का मायेने म्हणाल्या. "आणि सहीचं मी सांगेन. बाजू न बघतां केली. तें माजें आहे, तूं मधें बोलूं नको."

राममूर्ती सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाट उघडलं आणि नाव झाकून चौदा नंबरचा स्कॅन पडद्यावर लावला. सरोजिनी दारात घुटमळत होती, सर म्हणाले, "प्रश्न हिने विचारला ना? ये आत." पडद्यावरच्या करड्या चित्रात खाली, उजव्या बाजूला, तिळाएवढा पांढरा ठिपका होता.

"उजवीकडेच आहे की!" मी जवळजवळ ओरडले. एका क्षणात माझी जर्मनी परत आली होती.

"स्कॅनमध्ये माणूस आपल्यासमोर असतो," सर शांतपणे म्हणाले. "अक्का उभ्या राहतात तसा. चित्रातलं उजवं ते त्याचं डावं." आणि खालच्या अहवालाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे डॉक्टरांनी सरळ शब्दांत लिहिलं होतं, डावी बाजू.

एकाच चुकीला मी दोनदा फसले. मला रडू आलं आणि मी रडले. कुणी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. सरांनी चष्मा पुसला, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "निबंध सोमवारी जात नाही. जर्मनीला तूच लिही. आजच, आणि कारणासकट." मग रजिस्टर आणवलं. चौदा नंबरच्या नोंदीखाली अक्कांनी तांबड्या शाईने दुरुस्ती लिहिली, 'खूण उजवीकडे. तपासणी न करता सही केली,' आणि सही केली. त्याखाली मी लिहिलं, 'सुई मी घातली,' आणि माझी सही. एकतीस वर्षांच्या त्या सगळ्या रजिस्टरांत अक्कांच्या नावापुढे तांबडी शाई ती एकदाच आहे. जर्मनीच्या जागेपेक्षा मला ते जास्त लागलं, अजून लागतं.

जर्मनीला पत्र पाठवून झाल्यावर घरी जाववेना. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, सरोजिनीची गाडी सव्वासहाची. मी चौदा नंबरची काच मायक्रोस्कोपखाली लावली, या वेळी बरोबर बाजूने. या माणसाच्या पेशी उजवीकडे जास्त होत्या. बाकी चौघांच्या डावीकडे. का, ते मला माहीत नाही. कदाचित काही कारण असेल, कदाचित निव्वळ योगायोग. पाच माणसांवरून ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण मी या माणसाच्या हजारो पेशी एकेक करून मोजल्या होत्या. त्याच्या घरच्यांनीही त्याला इतक्या जवळून पाहिलं नसेल. आणि तरी मी त्याला फिरवून इतरांसारखा करून टाकला होता. जे ठिकाण नवल वाटण्याचं काम करतं, त्याच्यासमोर दोन वर्षं बसून मला एकदाही नवल वाटलं नव्हतं. मी नुसती बेरीज करत होते.

"बघायचंय?" मी सरोजिनीला विचारलं.

ती बसली. डोळा लावला. मग अगदी हळू म्हणाली, "अम्माडी!" आणि तोंडावर हात ठेवला. मला अकरावीतली ती खोली आठवली. मी तिला सांगितलं, कोणी हाक मारली, काही नवल दिसलं, की आधी हे जागं होतं.

"माझं आत्ता झालंय का?" तिने विचारलं.

"ते मला काय विचारतेस?" मी म्हणाले. तिची सव्वासहाची गाडी चुकली.

शुक्रवारी अक्कांना निरोप दिला. शाल, म्हैसूरपाक, सरांचं चार वाक्यांचं भाषण. सगळे पांगल्यावर अक्का खुंटीवरचा गजरा काढायला आल्या तेव्हा मी आणि सरोजिनी तिथेच होतो. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. देहदानाचा अर्ज होता. त्यांच्या अक्षरात भरलेला.

"दोन साक्षीदार लागतात. माजा भाऊ एक जाला," त्या म्हणाल्या. "दुसरी सही तुजी."

मी कागद परत त्यांच्यापुढे केला. "अक्का, मी चौदा नंबर उलटा केला. तुम्ही माझी सही घेताय?"

"म्हणून तर घेतें. ज्यांचें कधीं चुकलं नाहीं त्यांचा भरंवसा काय? तूं आतां जन्मांत मागें जायला विसरायची नाहींस." त्यांनी माझ्या हातात पेन दिलं. "मी येईन तेव्हां आधीं समोर उभी रहा. मराठींत बोल. तुजें तें कारखान्याचें मराठी चालेल. मग मागें जा. घाई नाहीं, मला अजून वीस वर्षं तरी मुरुक्कू खायचे आहेत."

मी सही केली. आमच्या मराठीतलं सरोजिनीला किती कळलं कोण जाणे, पण तिने अर्ज वाचला होता, आणि तिच्या कपाळावर ती प्रश्नाची आठी चढली होती. आता मला ती ओळखू यायला लागली होती.

"विचार," मी म्हणाले.

"इथे नाव येत नाही ना, फक्त नंबर येतो," ती अक्कांना म्हणाली. "मग तुम्ही याल तेव्हा ऊर्मी अक्कांना कळणार कसं, की या तुम्हीच आहात?"

एकतीस वर्षांत हे अक्कांच्याही मनात आलं नसावं. त्यांनी सरोजिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाहीं कळणार," त्या म्हणाल्या. "मग काय करशील गे?"

"सगळ्यांशीच तसं बोलेन," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी."

अक्का उत्तर ऐकल्यासारख्या थोडं थांबल्या.

"सरि," त्या म्हणाल्या, आणि गजरा माळून बस पकडायला निघाल्या.